अप्पांनी झाळलेली चौथी पेटी

सन २०१९. मला एकोणऐंशीवं लागलं होतं. खालचे दात सगळे गेले होते, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, पण जिना चढताना कुणी हात धरायला आलं की मी झटकायचो. अजून झटकतो.

माझं शिक्षण मराठी तिसरी. चौथीत मास्तरांनी छडी उगारली ती मी धरली आणि सोडलीच नाही. मास्तर ओढतायत, मी धरून. दुसऱ्या दिवसापासून हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातल्या आमच्या दुकानात अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, हाताखाली बसलो. हे लिहितोय ती वही नातीची. शुद्धलेखन ती बघते, बाकी शब्द माझे आहेत आणि ते तिला बदलू देत नाही.

दुकान पत्र्याच्या कामाचं. धान्याचे डबे, ट्रंका, बादल्या, नरसाळी. पणजोबा मिरजेकडून हुबळीला आले तेव्हापासून हाच धंदा. पत्रा कापायचा, वाकवायचा, आणि जोडावर तापलेल्या लोखंडानं कथील ओढून झाळायचा. आमचा डबा गळत नाही असं गिऱ्हाइकं कानडीत आणि मराठीत दोन्हींत सांगायची. आणि आमच्या दुकानाची एक रीत होती. नवा डबा रिकामा हातात द्यायचा नाही. शेजारी जोंधळ्याचं एक टमरेल भरलेलं असायचं, त्यातले चार दाणे टाकायचे आणि मग झाकण लावून द्यायचा. घाई असली, गिऱ्हाईक रागावलं, तरी आधी दाणे. अप्पांनी ही रीत आयुष्यात मोडली नाही आणि मीही नाही.

आता मुख्य गोष्ट.

मी चार वर्षांचा असताना दुसरं महायुद्ध चालू होतं. मला त्यातलं काही आठवत नाही, आणि आठवतं असं मी कधी कुणाला सांगितलेलंही नाही. जे आहे ते अप्पांच्या तोंडचं. त्या वेळी हुबळी आणि धारवाडच्या मधल्या मोकळ्या माळावर लष्करी विमानं शिकायला यायची. ब्रह्मदेशच्या जंगलात अडकलेल्या पलटणींना वरून धान्य टाकायचं, त्याचा सराव. धान्य कशाला वाया घालवायचं म्हणून गोण्यांत वाळू भरून टाकायचे. शेतकरी टपलेलेच असायचे. विमान गेलं की वाळू ओतून गोणी घरी. त्या साली आसपासच्या खेड्यांतली निम्मी पोरं त्या तरटावर झोपली असतील.

एके दिवशी असंच एक विमान गोण्या टाकायला फार खाली आलं, एक पंख कलला, आणि ते भुईमुगाच्या शेतात आपटून पेटलं. आत चौघे. एक शिकवणारा, दोघे शिकणारे, आणि चौथा बिनतारी यंत्रावर बसणारा. लढाईत गेले असते तर कुठं नाव तरी झालं असतं. हे शिकता शिकता गेले.

दुसऱ्या दिवशी लष्कराचा ट्रक दुर्गदबैलात शिरला. बाजारात पत्रा झाळण्यात कोण पक्का, अशी विचारणा झाली, आणि सगळ्यांनी अप्पांकडं बोट केलं. हे मी फुशारकीनं लिहितोय आणि फुशारकी मारण्यासारखंच आहे ते. शेगडी, भाता, कथील, सगळं ट्रकमध्ये घालून अप्पांना स्टेशनाजवळच्या एका गोदामात नेलं. सुताराकडून चार लाकडी पेट्या करून आणल्या होत्या. त्यांना आतून जस्ती पत्रा लावायचा आणि झाकण झाळून पूर्ण बंद करायचं. पेट्या रेल्वेनं दोन दिवसांच्या वाटेवरच्या छावणीत जायच्या होत्या, तिथं लष्कराचं कब्रस्तान होतं. उन्हाळा होता. जोडाला टाचणीएवढं भोक राहिलं असतं तरी त्या चौघांची वाटेत विटंबना झाली असती. अप्पांनी दिवसभर काम करून चारही पेट्या बंद केल्या. त्या दिवशी वापरलेलं झाळायचं लोखंड त्यांनी पुन्हा दुकानाच्या कामाला लावलं नाही. ते माझ्याकडे आहे.

एवढं मी सगळ्यांना सांगत आलो. दुकानात, गणपतीच्या मांडवात, लग्नाच्या पंगतीत, जावयाच्या माणसांना तर दोनदा. शेजारचा कापडवाला मला बघितलं की म्हणायचा, "या, चार पेटीवाले." चिडवायचा, पण मला ते गोड लागायचं.

पण एक भाग मी कधीच कुणाला सांगितला नव्हता. बायकोलाही नाही.

तीन पेट्यांत माणसं होती, कापडात गुंडाळलेली. चौथ्या पेटीला अप्पांनी हात लावला आणि त्यांना कळलं. घोंगडीत नीट गुंडाळून ठेवलेल्या दोन वाळूच्या गोण्या होत्या. त्या सरावाच्याच. बिनतारीवाल्याच्या जागेवर आग सगळ्यात जोराची होती, त्याचं हाती लागावं असं काही उरलं नव्हतं. उचलणाऱ्यांना वजनात फरक कळू नये म्हणून ही वाळू.

अप्पांनी लोखंड खाली ठेवलं. रेल्वेतला एक कारकून दुभाषा म्हणून होता, त्याला म्हणाले, "ही मी झाळणार नाही."

साहेबानं विचारलं, का?

"पेटी रिकामी आहे."

"रिकामी कशी, वाळू आहे."

"वाळू कुठल्या ओढ्यातली कोण जाणे. ती हा माणूस नव्हे. तो जिथं गेला तिथली माती आणा, मग झाळतो."

लढाईचे दिवस, समोर गोरा साहेब, आणि हा दुर्गदबैलातला पत्र्याचं काम करणारा माणूस. साहेब ओरडला, तुरुंगात घालीन म्हणाला. कारकुनानं अप्पांच्या पायाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला. अप्पा शेगडीपाशी मांडी घालून बसले. भाता मारला नाही. कोळसे हळूहळू पांढरे झाले. शेगडी पार विझली तेव्हा साहेब उठला आणि स्वतः ट्रकमध्ये पुढं बसला. अप्पांना शेजारी घेतलं. शेतात जाऊन अप्पांनी वाळू ओतून टाकली, विमानात बिनतारीवाला बसायचा त्या भागाखालची काळी माती आणि राख दोन्ही हातांनी गोण्यांत भरली. परत आले, पुन्हा शेगडी पेटवली, आणि मग झाळलं. साहेबानं जाताना हात हातात घेऊन एकच सांगितलं, हे कुणाला बोलायचं नाही, त्या माणसाची बायको आहे.

अप्पांनी हे मला मी विशीत असताना सांगितलं, मी पहिल्यांदा पाण्याची टाकी झाळली आणि ती गळली नाही त्या दिवशी. त्या माळावरची नवनगर वस्ती तेव्हा झालेली नव्हती. मला सायकलवर मागं बसवून माळावर नेलं, जागा दाखवली आणि म्हणाले, बोलायचं नाही. मी बोललो नाही.

तर सन २०१९. धारवाडच्या एका कॉलेजात शिकवणारे एक प्राध्यापक जुन्या लष्करी गोष्टी गोळा करायचे. माझ्या चार पेट्या त्यांच्या कानावर गेल्या होत्या. त्यांचा फोन आला. विलायतेहून एक बाई आल्यात, म्हणाले, त्या विमानातल्या बिनतारीवाल्याची मुलगी. वडील गेले तेव्हा त्या आईच्या पोटात होत्या. छावणीतल्या कब्रस्तानात जाऊन आल्या, आता तुम्हाला भेटायचं म्हणतात.

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला.

केशवापूरच्या आमच्या घरी ते दोघे दुपारी आले. मी लग्नातला कोट घातला होता. नात म्हणाली, "अज्जा, घामानं भिजाल." ती शाळेत इंग्रजी शिकवते, दुभाषेपण तिच्याकडं होतं. मी म्हटलं, माझ्या बापाची गोष्ट आहे, बनियनवर सांगू काय.

बाई माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी लहान, उंच, पांढरे केस आखूड कापलेले. चप्पल बाहेर काढून आत आल्या, ते मला आवडलं. चहात दूध नको म्हणाल्या. सुनेनं शिरा केला होता, तो मात्र दोनदा घेतला. मी लोखंड दाखवलं. त्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं आणि मांडीवर ठेवूनच पुढचं सगळं ऐकलं. मी पेट्या कशा केल्या, जोड कसा ओढला, नवसागर कशाला लागतो, सगळं सांगितलं. प्राध्यापक वहीत लिहीत होते. मध्येच ते माझ्याकडं बोट करून नातीला म्हणाले, "अण्णांची स्मरणशक्ती बघा." मी म्हटलं, स्मरण अप्पांचं आहे, मी फक्त सांभाळलंय.

मग बाईंनी पर्समधून एक फोटो काढला. हसरा पोरगा, टोपी तिरकी. वय तेवीस. मग त्यांनी नातीकडं बघून सावकाश काहीतरी विचारलं.  नात म्हणाली, "अज्जा, त्या विचारतायत, पेटी बंद करताना तुमच्या अप्पांनी त्यांच्या वडिलांना पाहिलं होतं का. त्यांच्या आईला कधी कुणी सांगितलं नाही."

सगळे माझ्याकडे बघत होते. साहेब मेला असेल, अप्पा गेले, आणि जिच्यासाठी तोंड बंद ठेवायचं होतं ती बायकोही गेली. आता समोर ही मुलगी बसली होती, पंचाहत्तरीची, फोटो हातात धरून.

मी म्हटलं, "पाहिलं. चेहरा शांत होता. झोपल्यासारखा."

नातीनं ते इंग्रजीत सांगितलं. बाईंनी डोळे मिटले, मिटूनच रडल्या. मग माझा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. प्राध्यापकांनी वहीत लिहिलं, ते मला दिसलं. जाताना म्हणाले, हे सगळं एका अंकात छापायचं आहे, "शांत चेहरा" हेच नाव देईन. बाई उद्या सकाळी गोव्याला निघणार, तिथून विमान.

ते गेल्यावर नात म्हणाली, "किती छान सांगितलंत, अज्जा. त्यांना किती बरं वाटलं." सुनेनंही तेच म्हटलं. मी कोट काढून खुंटीला लावला. जेवायला बसलो पण आमटी कशी होती ते कळलं नाही.

मी आयुष्यात थापा मारल्या नाहीत असं म्हणत नाही. गिऱ्हाइकाला उद्या डबा देतो म्हणून परवा दिलाय. पण हे तसलं नव्हतं. आधी मला वाटलं, दया केली, चांगलं केलं. मग कपबशा आवरताना ते लोखंड टीपॉयवर दिसलं आणि माझ्या लक्षात आलं काय झालंय. मी सांगितलेल्या गोष्टीत अप्पांनी फक्त चार पेट्या झाळल्या. त्या बाजारातल्या कुणीही झाळल्या असत्या. शेगडी विझेपर्यंत बसून राहिला तो माणूस त्या गोष्टीत कुठंच नव्हता. तुरुंगाची धमकी घेतलेला, स्वतःच्या हातांनी परक्या पोराची माती भरलेला. तो मी खोडून टाकला, आणि त्याच्या जागी एक झोपल्यासारखा चेहरा ठेवला, जो कुणीही कधी पाहिला नव्हता. आणि ते आता छापून येणार होतं. ती बाई घरी जाऊन मुलानातवंडांना ते सांगणार होती. कुणी तरी त्या पोरासाठी भांडलं होतं, हे तिला कधीच कळणार नव्हतं.

बोलायचं नाही असं अप्पांनी सांगितलं होतं, खरं. पण खोटं बोल असं सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ केली, साधा सदरा घातला आणि नातीच्या खोलीचं दार वाजवलं. चल म्हटलं. ती केस विंचरत होती. शाळा आहे म्हणाली.

"रजा टाक. त्या बाईच्या लॉजवर जायचंय."

रिक्षात मी तिला सगळं सांगितलं. अप्पांनंतर मी पहिल्यांदा ते तोंडातून काढलं, आणि ते रिक्षाच्या आवाजात, म्हणून निम्मं दोनदा सांगावं लागलं. तिनं ऐकून घेतलं आणि माझ्यावरच चिडली.

"आता सांगणार? काल रडली ती. सुखानं घरी चाललीय. आता तिला सांगायचं की पेटीत तुझा बाप नव्हताच?"

"तिचं सुख माझ्या थापेवर आहे. आणि अप्पा त्या थापेखाली गेलेत. प्राध्यापकांनाही छापू नका म्हणून सांगायचंय."

"म्हणजे तुम्हाला तुमच्या बापाचं पडलंय."

"हो. तिला तिच्या बापाचं पडलंय म्हणून ती विलायतेहून आली की. मला माझ्या बापाचं पडलं तर तुला काय झालं?"

"मी नाही सांगणार. तुम्हीच सांगा इंग्रजीत."

"मग तुला एवढं शिकवलं कशाला?"

तिनं तोंड फिरवलं. पण रिक्षा थांबल्यावर उतरताना माझा हात धरला, आणि त्या दिवशी मी झटकला नाही.

बाई खालच्या हॉलमध्ये खात होत्या. समोर इडलीची बशी, बाहेर गाडी उभी, सामान आत चढवलेलं. आम्हाला बघून उठल्या, हसल्या. मी बसलो नाही. उभ्यानंच म्हटलं, "काल मी खोटं बोललो."

 मी तिच्याकडं बघितलं. मग तिनं सांगितलं, आणि बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी खुर्चीकडं हात केला, तेव्हा बसलो.

मी सगळं सांगितलं. वाळू लपवली नाही. तुमच्या वडिलांचं काही मिळालं नव्हतं, हेही सांगितलं. हे सांगताना नातीचा आवाज चिरला, माझा नाही. मग अप्पा काय म्हणाले ते, शब्दाला शब्द. साहेब ओरडला ते. कारकून घाबरला ते. शेगडी. माती. राख. दोन हात. पुन्हा शेगडी पेटवून झाळलं ते. नातीला मी दोनदा थांबवलं, नीट सांग म्हटलं, घाई करू नकोस.

बाई बराच वेळ बशीकडं बघत राहिल्या. एक नोकर बशी उचलायला आला, त्याला नातीनं खुणेनं परत पाठवलं. मला वाटलं, आता या उठतील आणि गाडीत जाऊन बसतील. त्यांचा हक्क होता. मी काल त्यांना एक चेहरा दिला होता आणि आज तो परत घेतला होता.

शेवटी त्यांनी विचारलं, "किती वेळ बसले होते ते, शेगडीपाशी?"

"विझेपर्यंत. भरलेली शेगडी असते आमची. तास दीड तास धरा."

त्यांनी ते नातीकडून पुन्हा सांगून घेतलं. तास दीड तास. मग त्या बोलल्या, आणि नातीनं मला हळू आवाजात सांगितलं. त्यांची आई आयुष्यभर म्हणायची, तिकडं परक्या मुलखात त्याला सामानासारखं भरून पाठवलं असेल. ती हे म्हणत म्हणतच गेली.

मी म्हटलं, "सामान नाही. माझ्या बापानं सामान असं भरलं नसतं."

हे नातीनं सांगितलं तेव्हा बाईंनी रुमाल तोंडाला लावला. रडल्या, पण कालच्यासारखं नाही. काल डोळे मिटून रडल्या होत्या, आज माझ्याकडं बघत. मी नजर खाली केली नाही. मग त्यांनी विचारलं, माती कसली होती.

"काळी. ओली झाली की पायाला चिकटते, सोडत नाही."

"ती जागा अजून आहे?"

मी सांगितलं, शेत राहिलं नाही. नवनगर झालं, रस्ते झाले, घरं झाली. भुईमूग कुणी पेरत नाही आता. पण अप्पांनी मला विहिरीपासून आणि कोपऱ्यातल्या बाभळीपासून पावलं मोजून जागा दाखवली होती. बाभूळ गेली. विहिरीवर जाळी आहे. मी गेल्या वर्षीच बघून आलोय, दरवर्षी एकदा जाऊन येतो, कुणाला सांगत नाही.

नातीनं माझ्याकडं बघितलं. हेही तिला माहीत नव्हतं.

बाईंनी घड्याळ बघितलं आणि गाडीवाल्याला बोलावून घेतलं. गोव्याला थोडं उशिरा निघालं तरी विमान चुकणार नाही ना, विचारलं. तो कानडीत म्हणाला, तासभर चालेल. मला त्यांनी मागं शेजारी बसा म्हटलं, पण रस्ता मलाच दाखवायचा होता. मी पुढं बसलो, आणि गाडीवाल्याला म्हटलं, नवनगरला घे, धारवाडच्या रस्त्यानं, वळण आलं की मी सांगतो.